सोप्यातल्या ५.१ होम थिएटरवर स्टीरिओ गाणं: शहापूर, बेळगाव (प्रकल्प नोंदी)

६ नोव्हेंबर: खोली, यंत्रं आणि तक्रार

शहापुरातलं जुनं घर, नंतर वर स्लॅब टाकून वाढवलेलं. होम थिएटर सोप्यात (पुढच्या बैठकीच्या खोलीत) आहे. सोपा आतून १४ फूट लांब, ११ फूट रुंद, १० फूट उंच. भिंतींना गुळगुळीत गिलावा, खाली व्हिट्रिफाइड फरशी, डाव्या भिंतीला काचेची मोठी खिडकी. टीव्ही ११ फुटी भिंतीवर, समोरच्या भिंतीला टेकून सोफा.

यंत्रं: ५.१ एव्ही रिसीव्हर (पाच स्पीकर आणि एक सबवूफर सांभाळणारं, अॅम्प्लिफायर असलेलं यंत्र), पुढचे दोन बुकशेल्फ स्पीकर (सव्वापाच इंची वूफर, म्हणजे खालच्या-मधल्या स्वरांचा पडदा, ६ ओहम, संवेदनशीलता ८७ डेसिबल), एक सेंटर, मागचे दोन लहान, १० इंची अॅक्टिव्ह सबवूफर (फक्त खालचे स्वर वाजवणारा, स्वतःचा अॅम्प्लिफायर असलेला). पुढचे दोन्ही स्पीकर टीव्ही युनिटच्या दोन टोकांच्या कप्प्यांत, भिंतीला चिकटून. सबवूफर कोपऱ्यात.

तक्रार अशी की सिनेमा दणक्यात वाजतो, पण ख्याल किंवा अभंग लावला की गाणारा कपाटात बसून गातोय असं वाटतं. डग्ग्याचे काही आघात अंगावर येतात, काही ऐकूच येत नाहीत. तानपुऱ्याच्या चार तारा वेगळ्या कळत नाहीत, नुसता गुंजारव येतो. घरच्यांचा विचार नवा अॅम्प्लिफायर घेण्याचा होता. तो विचार शेवटी करायचं ठरलं. कामाचा क्रम असा: आधी सेटिंग, मग वायर, मग जागा, मग खोली, मग ईक्यू (ठरावीक स्वरपट्ट्यांची पातळी कमी-जास्त करणं). हा क्रम उलटा केला की आधीच्या पायरीतला दोष पुढच्या पायरीत पैसे घालून झाकला जातो.

कसोटीला तानपुरा आणि डग्गा. काळी एकच्या (पेटीची पहिली काळी पट्टी षड्ज धरणाऱ्या) गायकाचा षड्ज १३८.६ हर्ट्झ. त्याच्या तानपुऱ्यावर जोडीच्या तारा तिथे, खर्ज (खालचा षड्ज) ६९.३ वर, पंचम १०४ वर. सबवूफर ८० हर्ट्झवर विभागला तर एकाच तानपुऱ्याचा खर्ज सबवूफरमधून येतो आणि जोड-पंचम पुढच्या स्पीकरमधून. तानपुऱ्याचं बरंचसं बळ जवारीमुळे (घोडीवर तारेखाली धरलेल्या दोऱ्याने येणाऱ्या झंकारामुळे) वरच्या स्वरांशांत असतं हे खरं, पण डग्ग्याची मींड याच पट्ट्यातून खालीवर होते आणि पुरुष गायकाचा मंद्र सप्तकही इथेच आहे. हे तीन आकडे, ६९, १०४ आणि १३९, एका पातळीवर आणणं म्हणजेच निम्मं काम.

८ नोव्हेंबर: सेटिंग आणि स्रोत

रिसीव्हर सगळ्या चॅनलवर स्टीरिओ वाजवणाऱ्या मोडवर होता. मागचे स्पीकरही तेच गाणं वाजवत होते, त्यामुळे गायक समोर न राहता डोक्याभोवती पसरायचा. आता साधा 'स्टीरिओ' मोड. यात पुढचे दोन आणि सबवूफर चालतात, सेंटर-सराउंड गप्प. 'डायरेक्ट' आणि 'प्युअर डायरेक्ट' ऐकायला शुद्ध वाटतात, पण काही रिसीव्हरमध्ये या मोडात सबवूफरची विभागणी (खालचे स्वर त्याच्याकडे वळवणं) आणि खोलीच्या दोषांची रिसीव्हर आपोआप करतो ती दुरुस्ती दोन्ही बंद होतात. लहान बुकशेल्फ असतील तर त्याचा तोटाच जास्त. आपल्या रिसीव्हरच्या पुस्तिकेत हे पाहूनच मोड निवडावा.

टीव्हीकडून येणारा आवाज पीसीएमवर (न दाबलेला साधा डिजिटल आवाज). टीव्हीतलं 'ऑटो व्हॉल्यूम', 'क्लिअर व्हॉइस', 'सराउंड' बंद. रिसीव्हरमधला नाइट मोड आणि डायनॅमिक रेंज दाबणारी सेटिंग बंद. आलाप हळू आणि तान मोठी असायलाच हवी. ही सेटिंग दोन्हींना एका उंचीवर आणून ठेवतात.

फोन ब्लूटूथवर जोडला जायचा. साधं एसबीसी कोडेक (आवाज दाबून पाठवायची ब्लूटूथची पद्धत) जास्तीत जास्त सेकंदाला सव्वातीनशे किलोबिटच्या आसपास जातं, सीडीचा मूळ प्रवाह १,४११ किलोबिटचा. हा फरक स्पीकरच्या जागेच्या फरकापेक्षा बराच लहान आहे. तरी कसोटी घेताना स्रोत शंकेबाहेर हवा, म्हणून लॅपटॉप एचडीएमआयने थेट रिसीव्हरला. फाइली फ्लॅक (एफएलएसी) प्रकारच्या, म्हणजे काहीही न गमावता दाबलेल्या.

पुढचे स्पीकर 'लार्ज' वर होते, ते 'स्मॉल' केले, विभागणी ८० हर्ट्झ. सव्वापाच इंची वूफरला ५० हर्ट्झ वाजवायला लावलं की पडदा लांब हलतो आणि त्याच पडद्यावर असलेला गळ्याचा आवाज गढूळ होतो. 'स्मॉल' म्हणजे स्पीकर कमी प्रतीचा असा अर्थ नाही. खालचं ओझं सबवूफरकडे द्यायची ती सूचना आहे. सबवूफरच्या पाठीवरचा क्रॉसओव्हरचा (स्वर विभागण्याचा) खुंटा पूर्ण वर, नाहीतर दोन फिल्टर एकावर एक बसतात आणि ८०च्या आसपास खड्डा पडतो. 'ऑटो' स्विच 'ऑन' वर. ऑटोमध्ये हळू आवाजात सबवूफर झोपतो आणि विलंबित आलापात खर्ज मध्येच नाहीसा होतो.

९ नोव्हेंबर: वायर आणि पोलॅरिटी

संचासोबत आलेली वायर ०.५ चौरस मिलिमीटरची, प्रत्येक बाजूला ६ मीटर. जाऊन-येऊन १२ मीटर, म्हणजे जवळपास ०.४७ ओहम. ६ ओहमच्या स्पीकरला हे आठ टक्क्यांच्या घरात जातं. पाच टक्क्यांच्या आत ठेवावं असा साधा नियम. १.५ चौरस मिलिमीटरची तांब्याची मल्टिस्ट्रँड दोन-कोअर वायर टाकली, रोध ०.१६ ओहमवर आला. याच्यापेक्षा जाड किंवा महाग वायरने या अंतरावर काही मिळणार नाही.

घेताना एक तार चाकूने खरवडून पाहावी. आत पांढरी निघाली तर ती तांब्याचा मुलामा दिलेली अॅल्युमिनियम. त्याच जाडीला रोध जवळपास दीडपट. वायरचं टोक १० मिलिमीटर सोलायचं, पीळ घालून बनाना प्लगमध्ये कसायचं. एक सुटी तार शेजारच्या टर्मिनलला लागली की रिसीव्हर प्रोटेक्शनमध्ये जातो (स्वतःला वाचवायला बंद होतो). पावसाळ्यात इथे तांबं काळं पडतं. काळं टोक कापून ताजं सोलावं.

पोलॅरिटी (अधिक-उणे टोकांची जोडणी) तपासली. स्पीकरची वायर रिसीव्हरकडून काढून १.५ व्होल्टच्या सेलला क्षणभर लावली: लाल वायर अधिक टोकाला असताना वूफर बाहेर यायला हवा. डावा आत गेला. स्पीकरमागे वायर उलटी लागलेली होती. दोन स्पीकर उलट फेजमध्ये (एकाचा पडदा बाहेर, तेव्हा दुसऱ्याचा आत) असले की खालचे स्वर एकमेकांना खातात आणि गायक दोहोंच्या मध्ये उभाच राहत नाही. सिनेमात संवाद सेंटरमधून येतात, म्हणून हा दोष वर्षानुवर्षं लपून राहू शकतो.

१३ नोव्हेंबर: खोलीचं गणित

मोजमाप मीटरमध्ये: ४.२७ × ३.३५ × ३.०५. हवेतला ध्वनीचा वेग सेकंदाला ३४५ मीटर धरला (२२–२३ अंश तापमानाला). दोन समोरासमोरच्या भिंतींमधली पहिली अनुनाद-वारंवारता (ज्या स्वराला खोली स्वतःच घुमते ती) म्हणजे वेग भागिले अंतराची दुप्पट.

लांबी: ४०.४ हर्ट्झ, दुसरी ८०.८. रुंदी: ५१.५, दुसरी १०३. उंची: ५६.६. लांबी-रुंदी मिळून ६५.४. लांबी-उंची मिळून ६९.५.

खर्ज ६९.३, खोली ६९.५. पंचम १०४, खोली १०३. काळी एकच्या गायकाच्या तानपुऱ्याच्या दोन तारा नेमक्या या सोप्याच्या अनुनादावर बसतात. पांढरी दोन किंवा पांढरी तीनच्या गायकाला ही खोली तितकी छळणार नाही, म्हणूनच 'काही कॅसेटी बऱ्या वाजतात, काही घुमतात' असं घरच्यांना वाटत होतं. दोष ध्वनिमुद्रणाचा नव्हता.

बोटाच्या टिचकीने आणि टाळीने अंदाज घेतला, मग मोजणी केली: आवाज विरायला मधल्या पट्ट्यात सुमारे ०.९ सेकंद. खोलीचं घनफळ ४३.६ घनमीटर. या दोन्हींवरून सुमारे २९० हर्ट्झच्या खाली खोलीच्या अनुनादांचं राज्य आहे. त्यावर स्पीकर आणि भिंतीवरची पहिली परावर्तनं महत्त्वाची. पुढच्या प्रत्येक निर्णयात ही सीमा धरायची.

१६ नोव्हेंबर: स्टँड

उद्यमबाग या औद्योगिक वसाहतीतल्या फॅब्रिकेशन शॉपमध्ये बनवून घेतले. ७५ × ७५ × २ मिलिमीटरचा चौकोनी पाइप, उंची ४८ सेंटिमीटर. खालची प्लेट ३०० × ३५० × ६. वरची १८० × २३० × ४. एका स्टँडचं लोखंड साडेआठ किलोच्या आसपास. खाली चार कोपऱ्यांत एम८चे नट वेल्ड करून फरशीवरचा डुगडुग काढण्यासाठी बोल्ट. वरच्या प्लेटला वाळू भरायला भोक आणि रबरी बूच.

बेळगावात फाउंड्र्या असल्यामुळे कोरडी सिलिका वाळू सहज मिळते. एका पाइपात साडेतीन-पावणेचार किलो बसते. रेझिन लावलेली कोअरची (साच्याच्या गाभ्याची) वाळू घेऊ नये आणि नदीची ओली वाळू तर मुळीच नाही. आतून गंज धरतो. भरताना पाइपवर लाकडी हातोडीने ठोकत राहावं, म्हणजे वाळू खाली बसते. रिकामा पाइप टिचकी मारली की घंटेसारखा वाजत होता, भरल्यावर बद्द.

उंची अशी का? घरात गाणं ऐकायला गादीवर मांडी घालून बसतात. गादी दबल्यावर जमिनीपासून कान सुमारे ७८ सेंटिमीटर. स्टँड साधारण ५०, स्पीकरच्या तळापासून ट्वीटर (वरचे स्वर वाजवणारा लहान पडदा) २५, एकूण ७५. सोफ्यासाठी धरतात ती ६० सेंटिमीटरची उंची इथे चालली नसती. ट्वीटर कानाच्या वर गेला तर क्रॉसओव्हरच्या पट्ट्यात ट्वीटर आणि वूफर यांची जुळणी बिघडते आणि गळा पोकळ होतो.

२२ नोव्हेंबर: जागा

सगळ्यात जास्त फरक इथे पडला, म्हणून सविस्तर.

बैठक. सोफा मागच्या भिंतीला आहे. त्या भिंतीशी लांबीचा प्रत्येक अनुनाद पूर्ण जोरात असतो. खोलीच्या बरोबर मध्यावर बसलं तर लांबीचा पहिला अनुनाद जवळजवळ नाहीसा होतो आणि खालचे स्वर ओस पडतात. गादी पुढच्या भिंतीपासून २.६५ मीटरवर (लांबीच्या ६२ टक्के) टाकली. इथे ४० आणि ६९ दोन्हींचा फुगवटा भिंतीपेक्षा बराच कमी होतो, पण मरत नाही. सोफा सिनेमासाठी जागेवरच. गादी उचलता येते ही भारतीय बैठकीची सोय इथे फार कामाला आली.

मागची भिंत. वूफरपासून पाठीमागच्या भिंतीपर्यंतचं अंतर चौथाई तरंगलांबीइतकं झालं की परत आलेला आवाज उलट्या फेजमध्ये भेटतो. ६० सेंटिमीटरला हा खड्डा १४४ हर्ट्झवर, म्हणजे मध्य षड्जाच्या अगदी जवळ. ५० सेंटिमीटरला १७२ वर. म्हणून स्पीकरची पुढची बाजू भिंतीपासून ५० सेंटिमीटर. टीव्ही युनिट ४० सेंटिमीटर खोल आहे, त्याच्या कडेच्याही पुढे स्पीकर आला. युनिटच्या आत असताना कप्प्याच्या फळ्यांवरून आवाज उसळत होता, तो प्रकार संपला.

बाजूची भिंत. आधी ६५ सेंटिमीटर ठेवलं, दोन स्पीकरमध्ये २०५. आवाजाचा पट रुंद, पण पंचमाची तार अजून पुढे येत होती. रुंदीचा दुसरा अनुनाद (१०३ हर्ट्झ) भिंतीपासून रुंदीच्या चौथाईवर, म्हणजे ८४ सेंटिमीटरवर, शून्य असतो. तिथे ठेवलेला स्पीकर त्याला हलवूच शकत नाही. पण मग दोन स्पीकरमधलं अंतर १६७ उरतं आणि पट आकसतो. ७५ सेंटिमीटर ठेवलं, मधलं अंतर १८५. १०३ हर्ट्झला मिळणारा रेटा ६५च्या तुलनेत सहा-साडेसहा डेसिबलने उतरला आणि पंचम रांगेत आला. ऐकणाऱ्याशी होणारा कोन ४७ अंशांच्या आसपास. पुस्तकी ६० अंशांपेक्षा कमी आहे, पण ख्यालाच्या मैफलीत गायक मध्ये, तबला एका हाताला, पेटी दुसऱ्या हाताला, एवढा पट त्यात नीट मावतो. ज्याला वाद्यवृंद ऐकायचा आहे त्याने ६५-७०च्या बाजूला झुकावं.

टाकलेल्या गादीच्या मध्यबिंदूपासून दोन्ही ट्वीटरना दोरी लावून अंतर जुळवलं: २.३४ मीटर, फरक एक सेंटिमीटरच्या आत. स्पीकर आत वळवले, दोन्हींच्या रेषा डोक्याच्या मागे हातभर अंतरावर एकमेकींना छेदतील इतके. मोनो पिंक नॉइज (दोन्ही स्पीकरमधून सारखा येणारा, सगळे स्वर असलेला खरखराट) लावल्यावर आवाज दोन्हींच्या मधोमध, नारळाएवढ्या जागेत यायला हवा. तो पसरट आला तर अंतर, पोलॅरिटी किंवा बाजूचं परावर्तन यांपैकी काहीतरी चुकलेलं आहे. जुनी मोनो ध्वनिमुद्रणं ही यासाठी उत्तम कसोटी. सुळेभावी हे कुमार गंधर्वांचं जन्मगाव इथून जवळच; तानपुरे लावण्यात ते किती काटेकोर होते हे सर्वश्रुत आहे, आणि त्यांच्या मैफलीच्या मुद्रणांत गाणं सुरू होण्याआधीचे नुसत्या तानपुऱ्यांचे क्षण ही जुळणी तपासायला फार उपयोगी पडतात.

२३ नोव्हेंबर: पहिली मोजणी

वडगाव-शहापूर भागात यंत्रमाग आहेत. दिवसा त्यांचा खडखडाट मोजणीच्या खालच्या भागात मिसळतो, म्हणून माग बंद असलेली रात्रीची वेळ घेतली. पंखा आणि फ्रिज बंद.

सॉफ्टवेअर रूम ईक्यू विझार्ड (मोफत), माइक यूएमआयके-१ (मोजणीसाठीचा) त्याच्या स्वतःच्या कॅलिब्रेशन फाइलसह (माइकचे दोष भरून काढणारी फाइल). माइक छताकडे रोखला तर ९० अंशांची फाइल, स्पीकरकडे रोखला तर शून्य अंशांची. चुकीची फाइल लावली की वरचे स्वर खोटे दिसतात. माइक स्टँडवर, कानाच्या उंचीला. हातात धरू नये, गादीवर ठेवू नये. पातळी ७५ डेसिबल. डावा, उजवा आणि दोन्ही एकत्र, असे वेगळे स्वीप (खालपासून वरपर्यंत सरकत जाणारा स्वर).

खालच्या भागात (३०० हर्ट्झपर्यंत) आलेख न गुळगुळवता पाहायचा, वर एक-षष्ठांश ऑक्टेव्हने (सप्तकाच्या सहाव्या भागाने) गुळगुळवून. दिसलं ते असं: ४० आणि ६९ वर उंचवटे अजून आहेत, १०३ वरचा बसला आहे, १७०च्या आसपास अपेक्षित खड्डा आहे. वॉटरफॉलमध्ये (प्रत्येक स्वर किती वेळात विरतो ते दाखवणाऱ्या आलेखात) ६९ची शेपटी लांब. डग्ग्याचा घुमारा मागे रेंगाळतो तो हाच.

२९ नोव्हेंबर: सबवूफर

कोपऱ्यात सबवूफर सगळे अनुनाद एकदम उठवतो. जागा शोधायची जुनी युक्ती वापरली: सबवूफर गादीच्या जागी ठेवला, ३० ते १०० हर्ट्झचा स्वीप लावला आणि माइक भिंतींच्या कडेने जमिनीलगत फिरवला. जिथे आलेख सर्वांत सपाट तिथे सबवूफर. जागा निघाली उजव्या भिंतीलगत, पुढच्या भिंतीपासून १.६ मीटरवर. लांबीच्या मध्याकडे सरकल्यामुळे ४० आणि ६९ दोन्हींना मिळणारा रेटा घटला. बाजूच्या भिंतीशी असल्याने रुंदीचा ५१ हर्ट्झचा अनुनाद मात्र उठतो. मधल्या रेषेवर बसणाऱ्याला तो ऐकू येत नाही, पण भिंतीपलीकडच्या शेजाऱ्याला येतो. रात्री पातळी कमी ठेवायची.

वेळ जुळवणं. फीत लावून अंतर १.८३ मीटर, पण सबवूफरच्या आतल्या इलेक्ट्रॉनिक्समुळे आवाज उशिरा निघतो, म्हणून फितीचं अंतर रिसीव्हरमध्ये भरणं बरोबर नाही. पद्धत: सबवूफरचा फेज उलटा (१८०) करायचा, ८० हर्ट्झचा स्वर दोन्ही स्पीकर आणि सबवूफरवर लावायचा, रिसीव्हरमधलं सबवूफरचं अंतर ३०-३० सेंटिमीटरने बदलत जायचं. ज्या आकड्यावर स्वर सर्वांत खोल बुडतो तो धरायचा आणि फेज परत शून्यावर आणायचा. ८० हर्ट्झला ३० सेंटिमीटर म्हणजे २५ अंशांचा फरक, त्यामुळे बुडणं स्पष्ट कळतं. आकडा आला २.६ मीटर. नंतर पूर्ण स्वीपने ६० ते ११० हर्ट्झमध्ये खड्डा नाही हे पाहिलं.

पातळी. सिनेमासाठी सबवूफर चढा ठेवलेला होता. गाण्यासाठी ६९.३, १०४ आणि १३८.६ हर्ट्झचे शुद्ध स्वर एकामागून एक लावून सी-वेटिंगवर (खालचे स्वर जवळपास पूर्ण धरणारी मोजणी) वाचलं आणि सबवूफर ४ डेसिबल उतरवला. तरी ६९ थोडा वरच, ते ईक्यूमध्ये. सबवूफर चालू असल्याचं कळू नये आणि बंद केल्यावर गाणाऱ्याच्या छातीतला आवाज गेल्यासारखा वाटावा, ही पातळी बरोबर.

३० नोव्हेंबर

हळू आवाजात गुंगाट. सेट-टॉप बॉक्सची केबल काढल्यावर थांबला, म्हणजे ग्राउंड लूप (यंत्रांच्या अर्थिंगमधून फिरणारा विद्युतप्रवाह). केबलच्या मार्गात आयसोलेटर बसवला. गुंगाट घालवण्यासाठी प्लगची अर्थिंगची पिन कापणं किंवा दोन-पिनी अॅडॉप्टर लावणं कधीही करू नये. जिवाशी गाठ आहे. लॅपटॉप मोजणीच्या वेळी बॅटरीवर.

लाईट गेल्यावर घर इन्व्हर्टरवर जातं. स्क्वेअर वेव्हच्या इन्व्हर्टरवर रिसीव्हरचा ट्रान्सफॉर्मर गुरगुरतो. साइन वेव्हचा नसेल तर तेवढा वेळ संच बंद ठेवणं बरं.

६ डिसेंबर: पॅनल

बाजूच्या भिंतीवरून येणारं पहिलं परावर्तन थेट आवाजापेक्षा ०.९ मीटर जास्त चालतं: २.६ मिलिसेकंद उशीर आणि फक्त सुमारे ३ डेसिबल कमी. इतक्या जोरात, इतक्या लवकर आलेला दुसरा गळा पहिल्याला अस्पष्ट करतो. जागा आरशाने शोधली. एकाने भिंतीवर आरसा सरकवायचा, गादीवर बसलेल्याला त्यात स्पीकर दिसला की खूण. आकडेमोडीनेही तीच जागा, पुढच्या भिंतीपासून १.१७ मीटर.

एकूण सहा आवाज शोषणारे पॅनल, प्रत्येकी ६० × १२० सेंटिमीटर: दोन बाजूंना, दोन बैठकीमागच्या भिंतीवर, दोन पुढच्या कोपऱ्यांत तिरके उभे. सामान: ५० मिलिमीटर रॉकवूल स्लॅब (घनता ४८ किलो प्रति घनमीटर) आठ नग (कारण कोपऱ्याच्या पॅनलमध्ये दोन थर); चार इंच रुंद, पाऊण इंच जाड लाकडी पट्टी ७२ रनिंग फूट, मांजरपाट ९ मीटर, आत पातळ नॉन-वोव्हन. बाजूच्या पॅनलमध्ये स्लॅब पुढे आणि मागे ५० मिलिमीटर मोकळी हवा. ही हवा फुकट मिळते आणि शोषण खाली अडीच-तीनशे हर्ट्झपर्यंत नेते.

कापडाची परीक्षा: तोंडाला लावून फुंकायचं, हवा आरपार गेली पाहिजे. रेक्झिन किंवा जाड सोफ्याचं कापड लावलं की पॅनलची भिंत होते. थर्माकोल आणि अंड्यांचे ट्रे यांनी शोषण होत नाही, आणि आग लागली तर दोन्ही धोक्याचे. रॉकवूल कापताना मोजे, मास्क, पूर्ण बाह्या.

डावीकडे खिडकी असल्याने तिथलं पॅनल पायांवर उभं केलं, सिनेमाच्या वेळी बाजूला सरकतं. उजवीकडचं भिंतीवर, तळाची कड जमिनीपासून ४० सेंटिमीटर. सबवूफर त्याच्या खालच्या बाजूला बसतो. दोन्ही बाजूंचं शोषण सारखं हवं. एकीकडे काच आणि एकीकडे पॅनल असलं की गायक काचेकडे सरकतो.

फरशीवर स्पीकर आणि गादीच्या मध्ये दुहेरी घोंगडी. लोकरीची जाड घोंगडी वरच्या पट्ट्यातला कर्कशपणा घेते, टाळीचा झणत्कार थांबतो. जमिनीवरून परत येणाऱ्या आवाजाने पडणारा खड्डा तिच्याने भरत नाही. तेवढी अपेक्षा तिच्याकडून ठेवू नये.

मोजणी: मधल्या पट्ट्यात ०.९ चं ०.६ सेकंदाच्या आत आलं. याच्याही खाली नेलं तर गाणं कोरडं पडतं. आपल्या गायनाला थोडी जिवंत खोली लागते, स्टुडिओची नाही.

१३ डिसेंबर: ईक्यू

आता उरलेलंच सुधारायचं, आणि तेही ३०० हर्ट्झच्या खाली. वरचं स्वयंचलित दुरुस्तीच्या हाती देऊ नये. ती दुरुस्ती, डोकं काही सेंटिमीटर हललं तरी बदलणारे वरचे चढउतार सपाट करायला जाते आणि गळ्याची चमक काढून घेते. रिसीव्हरच्या दुरुस्तीला वरची मर्यादा घालता येत असेल तर ३०० हर्ट्झ घालावी. येत नसेल तर चालू-बंद तुलना करावी, पण दोन्ही वेळी पातळी अर्ध्या डेसिबलच्या आत जुळवून. जास्त मोठं वाजणारं नेहमी जास्त चांगलं वाटतं.

रिसीव्हर आणि सबवूफर यांच्यामध्ये मिनीडीएसपी २x४ एचडी (फिल्टर लावणारं डिजिटल यंत्र). फिल्टर दोनच: ४०.५ हर्ट्झ, वजा ५ डेसिबल, क्यू (फिल्टर किती अरुंद ते) ७; ६९.५ हर्ट्झ, वजा ४ डेसिबल, क्यू ६. उंचवटा कापला की त्याची शेपटीही आखूड होते, कारण खालच्या पट्ट्यात दोन्ही एकाच अनुनादाची रूपं आहेत. १७० वरच्या खड्ड्याला हात लावला नाही. भिंतीमुळे पडलेला खड्डा बूस्ट करून भरत नाही. जितकं जास्त द्यावं तितकंच परावर्तनही वाढून येतं, वूफर आणि अॅम्प्लिफायर मात्र ताणले जातात.

डीएसपीमुळे सबवूफरला आणखी थोडा उशीर होतो, म्हणून २९ नोव्हेंबरची वेळ जुळवण्याची कृती पुन्हा. नवा आकडा ३.२ मीटर. ही पायरी विसरली की फिल्टर बरोबर असूनही ८० हर्ट्झजवळ गाणं पातळ होतं आणि दोष डीएसपीवर जातो.

तीन स्वरांची पातळी आता दोन डेसिबलच्या आत. तानपुऱ्यात पंचम, जोड, खर्ज वेगवेगळे मोजता येतात. डग्ग्याची मींड वर जाताना एकाही जागी उडी मारत नाही.

१४ डिसेंबर: नवा अॅम्प्लिफायर?

हिशेब: २.८३ व्होल्टला एक मीटरवर ८७ डेसिबल. बैठकीच्या अंतराला खोलीत सुमारे ५ उणे, दोन स्पीकरचे ३ अधिक, म्हणजे ८५. ६ ओहमला हे १.३ वॅट. ऐकण्याची सरासरी ७५ धरली आणि तानेच्या, समेच्या शिखरांना २० डेसिबल जागा ठेवली तर ९५ लागतात. दसपट, म्हणजे चॅनलमागे १३-१४ वॅट. खालचं ओझं सबवूफरचा स्वतःचा अॅम्प्लिफायर उचलतो. रिसीव्हर हे आरामात देतो. नवा अॅम्प्लिफायर घेऊ नये असं कळवलं. तेवढे पैसे बाजूला ठेवून दुसरा सबवूफर घेतला तर ४० आणि ६९ आणखी सपाट होतील. समोरासमोरच्या भिंतींच्या मध्यावर दोन ठेवायचे.

२० डिसेंबर: कायम केलेली सेटिंग

रिसीव्हरच्या दोन स्मृतिबटणांत दोन जुळण्या. पहिली 'गाणं': स्टीरिओ मोड, पुढचे 'स्मॉल', ८० हर्ट्झ, सबवूफरचं अंतर ३.२ मीटर, पातळी गाण्याची, दुरुस्ती ३०० हर्ट्झपर्यंत, नाइट मोड बंद. दुसरी 'सिनेमा': पाचही स्पीकर, सबवूफर ४ डेसिबल वर, बाकी अंतरं तीच.

स्टँडच्या पायांभोवती फरशीवर एनॅमलच्या बारीक खुणा केल्या. झाडताना स्टँड सरकतात आणि दोन-तीन सेंटिमीटरने गायक मधून ढळतो. गादीच्या मध्यालाही खूण.

उरलेलं काम: जूनमध्ये पाऊस लागल्यावर कोपऱ्यातल्या पॅनलांच्या मागे हात घालून ओल पाहायची, मांजरपाटावर बुरशीचे ठिपके आले तर कापड उसवून उन्हात टाकायचं, आणि भिंतीला ओल असेल तर पॅनल दोन इंच पुढे. बनाना प्लगांचे स्क्रू वर्षातून एकदा पावसाळ्यानंतर कसायचे. सोफा बदलला किंवा सोप्यात मोठं कपाट आलं तर खालच्या तीन स्वरांची मोजणी नव्याने.